पुष्पाबाईचा वाफा

टोमॅटोची पानं मुठीसारखी आवळायला लागली, त्याच सकाळी मला पुष्पाबाईचा संशय आला. पुरावा मी नंतर गोळा केला. माझी पद्धतच तशी आहे. तेहतीस वर्षं सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेत सातवीला शिकवलं. परीक्षेच्या दिवसांत बाकांमधून फिरताना कॉपी करणारं पोर मी नुसत्या मानेवरून ओळखायची. चिठ्ठी हाती लागायच्या आधीच मला माहीत असायचं, आणि मग चिठ्ठी लागायचीच. माझा अंदाज कधी चुकला नाही, हे मी निवृत्तीच्या भाषणातसुद्धा सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता मी कोसाडला राहते, मुलगा आणि सून श्वेता यांच्याबरोबर. सहा मजल्यांच्या चार इमारती आणि मधे कॉमन प्लॉट, अशी आमची सोसायटी. नवरात्रात त्या प्लॉटमध्ये गरबा व्हायचा आणि उरलेलं वर्षभर फुटक्या फरशा पडून असायच्या. निवृत्त झाल्यावर मी डुमसकडच्या एका शेतावर दोन दिवसांच्या शिबिराला गेले. तिथे टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी पर्माकल्चर शिकवलं. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, घरातली सालं पुन्हा मातीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "ज़मीन को कभी नंगी मत छोड़ो." मातीवर नेहमी पालापाचोळ्याचं आच्छादन हवं. मी परत आले ती भारल्यासारखी. सोसायटीचे प्रमुख बन्सीलालभाई भांडण टाळण्यासाठी कशालाही परवानगी देतात. त्यांनी प्लॉटचा एक कोपरा दिला, कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, आणि माझे बारा वाफे तयार झाले.

बारातले तीन मी पुष्पाबाईला दिले होते. ती आमचे जिने झाडते. राहायला समोरच्या आवासात, म्हणजे सरकारी घरकुलांच्या इमारतीत, नवरा सुकदेव कापडाच्या लूमवर, गाव अमळनेरकडचं, बोली अहिराणी. तिची मुलगी जयश्री माझी विद्यार्थिनी. बाळंतपणाला माहेरी आलेली, तेव्हा सहावा महिना चालू होता. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या खाली. हिरवी भाजी रोज खायची, असं बजावून सांगितलेलं. पुष्पाबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, माले तीन वाफा द्या. पोरनं रगत कमी शे." मी लगेच दिले. दिले हे सगळ्या सोसायटीला सांगितलंही.

नोव्हेंबरात वाल्मिकचा टेम्पो आला. वाल्मिकही माझाच विद्यार्थी, बारडोलीकडे ऊसवाहतूक करतो. मी त्याच्याकडे पाचट मागितलं होतं. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर शेतात उरणारी वाळकी पानं, आच्छादनाला याहून चांगलं काही नाही असं शिबिरात सांगितलेलं. "मॅडम, एकदम सुकं आहे, बघा," वाल्मिक म्हणाला. सोनेरी, खडखडीत ढीग बघून मला दिवाळी पुन्हा आल्यासारखं वाटलं. मी चार बोटं जाड थर वाफ्यांवर पसरायला घेतला. पुष्पाबाईने एक मूठ उचलली, नाकाशी नेली आणि हात झटकला.

"बाई, याले वास येस. मना वाफामा नको."

"उसाला उसाचाच वास येणार ना!" मी म्हटलं. "तुलाच शिबिराला पाठवायला हवं होतं." भाजी न्यायला आलेल्या बायका हसल्या. पुष्पाबाईही थोडी हसली. मग गोणी घेऊन गेली आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा, बदामाचा पाला गोळा करून आणला. तिचे तीन वाफे तिने त्या पाल्याने झाकले. मी म्हटलं, असू दे, ज्याची त्याची आवड.

दोन आठवड्यांत माझे टोमॅटो बिघडले. आधी शेंडे खाली झुकले, मग पानं अरुंद होत होत पिळवटली. देठ दोरीसारखे वाकडे झाले. पाठोपाठ वालाची पापडी गेली. सुरतेत राहायचं आणि उंधियूला स्वतःची पापडी लावायची नाही, हे मला पटत नाही, म्हणून मी पापडीचे चार वाफे केले होते. त्या चारही वाफ्यांवर एक पान धड राहिलं नाही. वांग्यांचंही तेच. कीड नाही, बुरशी नाही, मुळं ठणठणीत. मी सोडा, कडुनिंबाचा अर्क, जीवामृत, सगळं करून पाहिलं.

आणि शेजारी पुष्पाबाईची मेथी, पोकळा, शेपू, हिरवा लसूण नुसता तरारून आला होता. माझ्या वाफ्यापासून तिचा वाफा दोन हातांवर. एकाच बाकावर बसलेल्या दोन पोरांपैकी एक नापास आणि एक पैकीच्या पैकी, असं झालं की मी काय समजायची, ते वेगळं सांगायला नको.

मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर प्लॉटच्या वर. सकाळी सहाला मी चहा घेऊन तिथे बसायला लागले. पुष्पाबाई झाडू हातात घ्यायच्या आधी, कुणी उठलेलं नसताना प्लॉटमध्ये यायची. तिच्या हातात एक निळी बाटली असायची, काच पुसायच्या औषधाची असते तसली. ती पानांवर फुसफुस मारायची. मग एका डब्यातून मुळाशी काहीतरी पांढरट ओतायची. मी तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवली. पाच दिवसांत पाच नोंदी झाल्या.

सहाव्या दिवशी मी खाली जाऊन तिला रंगेहाथ पकडलं.

"बाटलीत काय आहे?"

"आंबट ताक नि हिंग, बाई. मावा येस ना, त्यानासाठे."

"आणि डब्यात?"

"तांदूळ धोयेल पाणी."

मी बाटलीचा वास घेतला. हिंगाचाच होता. पण दुसरा वास झाकायला हिंगासारखी वस्तू नाही, हे मला वरणाची फोडणी देऊन देऊन चांगलं माहीत आहे. घरी येऊन मी श्वेताला माझा निष्कर्ष सांगितला. पुष्पाबाई खताच्या दुकानातून कसलं तरी टॉनिक आणते, तिची भाजी त्याने फोफावते, आणि वाऱ्याने ते माझ्या वाफ्यांवर येऊन माझी झाडं जळतात. श्वेता सुरतेतच वाढली. ती घरात मराठी बोलते आणि चिडली की गुजराती. "मम्मी, तमे पण!" ती म्हणाली. "ती बिचारी टॉनिकला जाईल कुठे?" मला तिचा रागच आला. बिचारेपणा हा काही पुरावा नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी प्लॉटमध्ये मीटिंग बोलावली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी एका हातात माझं पिळवटलेलं पान धरलं, दुसऱ्या हातात पुष्पाबाईच्या पोकळ्याचं सरळ पान. वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. ज्यांच्या घरी ही भाजी जात होती, त्या बायकांचे चेहरे उतरले. "अमारा छोकराओ आ ज खाय छे," आमची पोरं हेच खातात, असं एक जण म्हणाली. बन्सीलालभाई हात वर करून म्हणत होते, "शांतीथी, बेन, शांतीथी." मग पुष्पाबाईला बोलावलं. ती हातात झाडू घेऊनच आली.

"बाई, मी काही मारेल नई," ती म्हणाली. "ते पाचट काढीसन दखा."

"कॉपी सापडली की प्रत्येक पोर शेजारच्याचं नाव सांगतं," मी सगळ्यांकडे बघून म्हटलं.

तिने झाडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं, बोलण्यासारखं काही उरलं नसेल. तिचे वाफे बंद करायचे, भाजी उपटून टाकायची, फाटकाची किल्ली परत घ्यायची, असं ठरलं. जिने झाडायचं काम मात्र राहू द्यायचं, असं बन्सीलालभाईंनी तेवढं सांभाळून घेतलं. किल्ली माझ्या हातात ठेवताना पुष्पाबाईने विचारलं, "आज एक जुडी तोडू का, बाई? जयश्रीसाठी."

"अगं, विष आहे ते," मी म्हटलं. "तिच्याच भल्यासाठी नाही म्हणते."

मी हे मनापासून म्हटलं होतं. आज आठवलं की तेच जास्त लागतं. वॉचमनने तिन्ही वाफे तासाभरात उपटले. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी मेथी, पोकळा, शेपू, सगळं घेऊन गेली. गाडीवाल्याने दोन जुड्या पुढच्या सीटवर ठेवल्या, त्या मी त्याला परत मागे टाकायला लावल्या.

मोकळी झालेली माती बघून मला बरं वाटलं. पालाही काढून टाकला. खालची माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली की कुस्करून पडणारी. माझ्या नऊ वाफ्यांत तशी माती नव्हती. मी तिथे पापडीची नवी रोपं लावली. आणि उरलेलं पाचट, जे खास राखून ठेवलं होतं, ते सगळं त्या तीन वाफ्यांवर पसरलं.

दहा दिवसांत त्या रोपांचे शेंडे वाकले.

मी काय समजावं? पुष्पाबाई तर फाटकाच्या बाहेर होती. म्हणजे ती भिंतीवरून येत असणार. मी वॉचमनला सांगितलं, बन्सीलालभाईंकडून नवं कुलूप घालून घेतलं आणि त्याची एकुलती एक किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत अडकवली. जिन्यात पुष्पाबाई समोर आली की मी तिच्या हातांकडे बघायची. ती खाली बघून झाडत राहायची. आता ती मला "या बाई" म्हणत नव्हती, आणि हाही मला पुरावाच वाटला.

तरी एक शंका होती, की औषध मातीत मुरलं असेल. म्हणून मी पक्का पुरावा करायचं ठरवलं. नर्सरीतून मातीची नवी पिशवी आणली. गॅलरीत एक कुंडी भरली, त्यात पापडीच्या चार बिया टाकल्या, वर नियमाप्रमाणे पाचटाचा थर दिला. शिबिरातला नियम मी कुंडीतही मोडत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत श्वेताने त्याच दिवशी तेलाच्या डब्यात मेथी पेरली होती, उघड्या मातीत, वर काही नाही. त्यावरून मी तिला दोनदा बोलले होते. माझ्या कुंडीत सोसायटीची माती नाही, पुष्पाबाईचा हात नाही. ही पापडी सरळ वाढली की मी कुंडी पुढच्या मीटिंगमध्ये नेणार होते. तेच बी आणि तेच आच्छादन, पण पुष्पाबाई नाही, म्हणून झाड निरोगी. मग कुणी काही बोलू शकलं नसतं.

पाचव्या दिवशी कोंब वर आले. बाराव्या दिवशी पहिली तीन पानं उघडली, आणि उघडतानाच पिळवटली.

मी गॅलरीत खालीच बसले. मला भीती वाटली, खरी भीती. पुष्पाबाई आता माझ्या घरात येऊन पोचली होती. श्वेता क्लिनिकमधल्या कामावरून परत आली तेव्हा मी तिला दारातच गाठलं.

"तू घराची किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणाला?"

"पुष्पाबाईला. नाहीतर जयश्रीला. खरं सांग, मी रागावणार नाही."

श्वेताने पर्स टेबलावर ठेवली. मोठ्याने हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. "मम्मी, आता माझ्यावर पण?" एवढंच म्हणाली. मग गॅलरीत जाऊन कुंडीपाशी उभी राहिली. "या कुंडीत तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काय आहे? बी तुमचं. पाणी आपल्या नळाचं, तेच माझ्या मेथीलाही. माती नर्सरीची, त्याच पिशवीतली मी डब्यात घातलीय. बघा, माझी मेथी सरळ आहे." ती आत गेली.

मी विज्ञानही शिकवायची. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. बी, माती, पाणी. बोटं मोजत मी चौथ्यावर आले आणि थांबले. पाचट काढीसन दखा. पाचट काढून बघा, असं ती झाडू हातात धरून म्हणाली होती आणि मी त्यावर विनोद केला होता.

तरीही मी दोन नव्या कुंड्या भरल्या त्या तिला खोटं पाडण्यासाठीच. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. एका कुंडीवर पाचट, दुसरी उघडी. गॅलरीच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि ती किल्लीसुद्धा गळ्यात अडकवली. पाणी मीच घालत होते, मापाने, एकाच तांब्याने. रोज सकाळी मी त्या दोन कुंड्यांपुढे बसायची आणि मनात एकच घोकायची, दोन्ही सारख्याच येऊ देत. दोन्ही वाकड्या आल्या असत्या तरी चाललं असतं.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आदल्या दिवशी पानं उघडली. गच्च्यांवर पोरांचा आरडाओरडा सुरू झाला होता, गॅलरीच्या गजाला एक कापलेला गुलाबी मांजा लटकत होता. उघड्या कुंडीतली पापडी तळहातासारखी सपाट, हिरवीगार. पाचटाच्या कुंडीतली भेंडीच्या पानासारखी फाटलेली, पिळलेली. मी दोन्ही कुंड्यांकडे किती वेळ बघत होते, कोण जाणे. मग वाल्मिकला फोन लावला.

"ते पाचट होतं ना, त्या शेतात काही मारलं होतं का रे?"

"हो मॅडम," तो सहज म्हणाला. "उसावर वेली फार चढल्या होत्या. मालकाने दोनदा तणाचं औषध मारलं. टू फोर डी. उसाला काही होत नाही त्याने, वेली मरतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही, मॅडम. तुम्ही फक्त विचारलं, सुकं आहे का."

नऊ वाफे मी बिघडवले होते, ते ठीक, ते माझे होते. पण सबंध प्लॉटमध्ये चांगली माती फक्त तीन वाफ्यांत उरली होती, आणि तिच्यावर शेवटचं पाचट मीच स्वतःच्या हाताने टाकलं होतं. पोकळा उपटून, मेथी कचऱ्यात घालून.

बन्सीलालभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "विजयाबेन, हवे जवा दो. कोईने कहेवानी जरूर नथी. धीमे धीमे एने पाछी बोलावी लइशुं." हळूहळू तिला परत बोलवू, कुणाला सांगायची गरज नाही. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. दोन दिवस मी त्याच विचारात होते. कुणाला कळणार होतं? श्वेताला. मी आले की ती खोलीतून उठून जात होती.

रविवारी मी दोन्ही कुंड्या घेऊन खाली गेले. ज्या खुर्च्यांसमोर पुष्पाबाईला उभं केलं होतं, त्याच खुर्च्यांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. वही फाडली नाही, तसलं नाटक केलं नाही, पण वहीतल्या पाचही नोंदी चुकीच्या माणसाच्या होत्या, हे बोलून दाखवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, "म्हणजे आम्ही महिनाभर खाल्लेली ती वांगी तुमच्या वाफ्यातली?" मी हो म्हटलं. बोलणं संपलं आणि लोक खुर्च्या उचलून गेले.

त्याच दुपारी मी आवासात जायला निघाले. श्वेताने तेलाच्या डब्यातली मेथी मुळासकट उपटली, कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ही न्या," ती म्हणाली. "यात तुमचं काही नाही."

पुष्पाबाईची खोली चौथ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. जयश्री भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत होती. आठवा महिना, आणि चेहरा पिठासारखा. मला बघून उठायला लागली. "बस, बस," मी म्हटलं. "रक्त किती आलं आता?"

"साडेसात, बाई. गोळ्यांनी उलटी होते."

नोव्हेंबरात सात पॉइंट नऊ होतं. मी मुद्दाम तोंडपाठ ठेवलं होतं, माझ्या वाफ्यांनी ते वाढलं म्हणून सांगायला.

पुष्पाबाई आतून हात पुसत आली. मी उभ्याउभ्याच बोलले. कुंड्यांबद्दल, वाल्मिकबद्दल, मीटिंगबद्दल. तुझं खरं होतं, असं म्हटलं. तुझे वाफे तुला परत आहेत, असं म्हणून साखळीतून फाटकाची किल्ली काढून पुढे केली. इथवर सोपं होतं. पुढचं तोंडातून निघेना. ती किल्लीसाठी हात पुढे करणार, एवढ्यात मी म्हटलं, "पण ते पाचट मी तुझ्या वाफ्यांवरही टाकलंय. तिन्ही."

तिचा हात तिथेच राहिला.

"बठ्ठं?" तिने विचारलं.

"सगळं. उरलेलं होतं तेवढं."

खालून कुणीतरी पतंग कापल्याची आरोळी दिली. मग ती शांतपणे बोलायला लागली, राग नाही, रडणं नाही, आणि मला त्यापेक्षा तिने चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. तिच्या माहेरी कपाशी होती. एका वर्षी शेजारच्याने ज्वारीत तण मारायचं औषध फवारलं आणि वारा यांच्या शेताकडे वाहत होता. आठ दिवसांत सगळी कपाशी भेंडीच्या पानाची झाली. तो वास तिला तेव्हापासून माहीत होता.

"माले नाव ठाऊक नई त्यानं, बाई," ती म्हणाली. "वास ठाऊक शे. म्हणून सांगं तुमले."

"मला परत का नाही सांगितलंस? जिन्यात रोज भेटत होतीस."

"दोनदा सांगं ना," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तेहतीस वर्षांत माझा अंदाज चुकला नव्हता, की चुकला तेव्हा मला दोनदा सांगूनही ऐकू आलं नव्हतं? किती पोरं त्या बाकांपाशी, झाडू धरलेल्या पुष्पाबाईसारखी, खरं सांगत उभी होती? मला त्यांची नावंही आठवेनात.

"आता काय लावू तिथे?" मी विचारलं. शाळा सोडल्यापासून मी कुणाला असा प्रश्न विचारला नव्हता.

"पाचट गोळा करीसन बाहेर काढा. खताना खड्डामा टाकू नका, नाहीतर तेही जाई. आते मका लावा. मक्याले काही होस नई. पापडी पुढला वरीसले." तिने किल्ली घेतली, पदराच्या टोकाला बांधली. "मी येसू. पण आच्छादन मी आणसू."

"तू आणशील तेच," मी म्हटलं.

मग मला हातातल्या पुडीची आठवण झाली. मी मेथी पुढे केली. "जयश्रीसाठी. श्वेताच्या डब्यातली आहे. साध्या मातीतली, वर काही टाकलेलं नाही. शपथ घेते."

पुष्पाबाईने कागद उलगडला. जयश्रीने आपसूक हात पुढे केला, पण आईने जुडी तिच्याकडे दिली नाही. ती खिडकीपाशी गेली. एकेक काडी उजेडात धरून तिने पानं वरून पाहिली, मग उलटी करून पाहिली. मुळांची माती चिमटीत चुरून नाकाशी नेली. पुन्हा एकदा नेली. मग तिने एक पान खुडून स्वतःच्या तोंडात टाकलं आणि हळूहळू चावत माझ्याकडे बघत राहिली.

मी दारातच उभी होते. हात कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

"बसा ना, बाई," जयश्री म्हणाली.

मी बसले नाही. जुडी अजून पुष्पाबाईच्याच हातात होती.